आरमारांत गेलेलीं मुलेंमुली व मागें राहिलेलें घर

देशावरच्या शेतकऱ्यास पलटण नवी नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवाच्या नांवापुढें तर मिलिटरी हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पलटणींत गेलेल्या मुलास पत्र कोणत्या पत्त्यावर घालावें, त्याची रजा केव्हां पडते, निवृत्तिवेतनाचा कागद कोठें अडतो, हें चावडीच्या ओट्यावर बसलेला कोणीही जुना हवालदार विचारणाऱ्यास सांगूं शकतो. आरमाराची गोष्ट निराळी आहे. समुद्र हा कोंकणपट्टीचा विषय, तेथील कोळी, भंडारी, गाबीत यांचा तो पिढीजात धंदा, अशी आपली समजूत. ज्यानें जन्मांत समुद्र एकदां, तोही मुंबईस चौपाटीवर पाहिला, अशा घाटावरच्या बापाच्या मुलानें युद्धनौकेवर चाकरी धरली म्हणजे त्या घरास सल्ला विचारावयास माणूस उरत नाहीं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून अलीकडेच मोकळे झालों. त्या काळांत अशा आईबापांचे अर्ज आमच्या मेजावरून बरेच गेले, व अद्यापिही कोणी कोणी कागदांची पिशवी घेऊन घरीं येतात. त्यांस वेळोवेळीं जें सांगावें लागलें तें संस्थेच्या सभासदांस एके ठिकाणीं वाचावयास मिळावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

प्रथम भरतीची हल्लींची रीत पाहूं. १४ जून २०२२ रोजीं सरकारनें अग्निपथ योजना जाहीर केली, व तेव्हांपासून खलाशी म्हणून जाणारा मुलगा अग्निवीर या नांवानें चार वर्षांच्या कराराने जातो. याच योजनेखालीं मुलींसही प्रथमच खलाशी म्हणून घेतलें गेलें. अधिकारी म्हणून स्त्रिया १९९२ पासून घेतल्या जात आहेत. परंतु शिडीच्या खालच्या पायरीवर मुलगी उभी राहिली ती २०२२ सालीं. ओरिसांतील चिल्का सरोवराच्या कांठीं आरमाराचें जें शिक्षणकेंद्र आहे, तेथून पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजीं बाहेर पडली. तींत अडीचशेहून अधिक मुली होत्या. त्या तुकडीचीं चार वर्षें २०२६ च्या अखेरीस भरतात, व त्यानंतर पुढें किती जणांस ठेवावयाचें तें ठरावयाचें आहे. नियम असा कीं, शेंकडा पंचवीसपर्यंतच कायम व्हावयाचे. बाकीच्यांनीं घरीं यावयाचें.

भरतीच्या वेळीं मुलाचें वय अठराच्या आंत असलें तर आईबापांची सही लागते. ही सही बहुतेक ठिकाणीं न वाचतां होते. आम्हांस विचाराल तर ती सही करण्यापूर्वी बापानें तीन गोष्टी मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्याव्या: मुदत चार वर्षांची आहे, शेवटीं निवृत्तिवेतन नाहीं, व त्या चार वर्षांत लग्न करतां येत नाहीं. तिसऱ्या गोष्टीनें किती घरांत घोटाळा झाला याची वाचकांस कल्पना नसेल. मुलगा पहिल्या रजेवर येतो, गांवांत गणवेश पाहून स्थळें चालून येतात, मामा मंडळी घाई करतात, आणि आषाढ लागण्यापूर्वी अक्षता टाकून मोकळें व्हावें असा घरांत ठराव होतो. अशानें नोकरी जाते. मुलीच्या बाबतींत तर घाई अधिक, व तोटाही अधिक. साखरपुड्याचा फोटो सुद्धां गांवभर फिरवूं नये, असें आमचें मत आहे.

पैशाचा हिशेब थोडक्यांत असा. योजना जाहीर झाली तेव्हांच्या दराप्रमाणें पहिल्या वर्षीं दरमहा ३०,००० रुपये लागू. त्यांतील २१,००० हातीं यावयाचे व ९,००० सेवानिधींत जावयाचे. चौथ्या वर्षीं ४०,००० लागू, हातीं २८,०००. सरकार तितकीच भर घालतें, व चार वर्षांअखेर व्याजासह सुमारें ११ लाख ७१ हजार रुपये, प्राप्तिकर न कापतां, मिळावयाचे. हा आंकडा गांवीं सर्वांस तोंडपाठ असतो, आणि तो पैसा येण्यापूर्वींच खर्चीं पडलेला असतो. कोणी त्यावर विहीर खोदतो, कोणी बहिणीचें लग्न काढतो, कोणी उसनवारी करून ट्रॅक्टर आणतो. ज्या मुलास पंचवीस वर्षांचें होण्यापूर्वींच परत येऊन आयुष्य पुन्हां मांडावयाचें आहे, त्याचें तें भांडवल आहे, बापाचें नव्हे, इतकें ध्यानांत ठेवलें तरी पुरे. दरमहा जें येतें त्यांतून घरास जें लागेल तें मुलानें खुशीनें द्यावें व बापानें त्याची वहींत नोंद ठेवावी. वही ठेवणारे बाप आम्हीं फार थोडे पाहिले.

आतां जहाजाविषयीं. पुष्कळ आयांस वाटतें कीं, मूल चोवीस तास लाटांवर हेलकावत असेल. तसें नाहीं. जहाज बरेच दिवस मुंबई, कारवार, कोची किंवा विशाखापट्टण येथील गोदींत दुरुस्तीस वा तयारीस असतें, व मग एकाएकीं निघून कित्येक आठवडे परतत नाहीं. २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोचीस आरमारांत दाखल झालेली विक्रांत ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आहे व तिच्यावर सोळाशेंच्या आसपास माणसें राहतात. म्हणजे आपल्याकडील एक मध्यम गांवच तें. अशा गांवांत स्वयंपाकघर आहे, दवाखाना आहे, धोबी आहे. नाहीं ती एकांताची जागा. एकावर एक टांगलेल्या बिछान्यांत झोप, आणि पहारा चार चार तासांचा. मध्यरात्रीं बाराला उठून चारपर्यंत यंत्रांपाशीं उभें राहणें हें ऐकून एका माउलीनें आमच्यासमोर डोळ्यांस पदर लावला, तेव्हां तिचे यजमान म्हणाले, ‘‘अगं, मी तरी काय करतों? रात्रीची वीज आली कीं कांदा भरायला बाराला उठतोंच कीं!’’ त्या एका वाक्यानें तिचें जितकें समाधान झालें तितकें आमच्या माहितीनें झालें नव्हतें. संध्याकाळचा चार ते आठ हा पहारा मात्र दोन दोन तासांचा तोडून ठेवलेला असतो, कारण त्यायोगें रोज पाळी सरकते व तोच मनुष्य रोज मध्यरात्रीं अडकत नाहीं. आपल्या पाणीवाटप संस्थांच्या चालकांनीं ही युक्ति विचारांत घेण्यासारखी आहे. पण तो निराळा विषय झाला.

आईबापांस सर्वांत जड जातें तें मौन. जहाज किनाऱ्यापासून थोडें दूर गेलें कीं मोबाईल बंद. त्याशिवाय डिसेंबर २०१९ मध्यें कांहीं खलाशी समाजमाध्यमांवरील ओळखींतून फसून जहाजांची माहिती परक्यांस देत असल्याचें उघडकीस आलें, व आरमारानें जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन व फेसबुक वापरण्यास बंदी केली. तेव्हां पंधरा दिवस फोन आला नाहीं म्हणजे कांहीं विपरीत झालें असें समजूं नये, आणि फोन आल्यावर ‘‘कोठें आहेस? कोठें निघालास? केव्हां परत?’’ या तीन प्रश्नांनीं आरंभ करूं नये. मुलानें सांगूं नये अशी त्यास ताकीद असते. आईनें विचारलें म्हणजे त्यास एक तर खोटें बोलावें लागतें, नाहीं तर नियम मोडावा लागतो. शेजारीपाजारी तर विचारतातच. त्यांस ‘‘कामावर आहे’’ एवढें उत्तर पुरे आहे. मुलाचा जहाजावरील फोटो, जहाजाचें नांव व निघण्याची तारीख हीं एकत्र गांवच्या व्हॉट्सॲपवर टाकणारे काका प्रत्येक गांवांत एक तरी असतातच. त्यांस घरच्यांनीं वेळींच आवरावें.

हीं जहाजें दूर कोठें व कशासाठीं जातात, याचा आपल्या शेतीशीं संबंध नाहीं असें समजणाऱ्यांनीं २०२४ चा द्राक्षहंगाम आठवावा. तांबड्या समुद्रांत मालवाहू जहाजांवर हल्ले होऊं लागल्यामुळें नाशिकचीं द्राक्षें सुवेझच्या कालव्यानें न जातां आफ्रिकेस वळसा घालून युरोपांत गेलीं. वाट लांबली, भाडें भडकलें, आणि बागाईतदारांच्या पट्टींतून तें कापलें गेलें. त्याच दिवसांत आपल्या आरमाराचीं जहाजें अरबी समुद्रांत व एडनच्या आखाताच्या बाजूस गस्त घालीत होतीं. मार्च २०२४ मध्यें कोलकाता या विनाशिकेनें चाळीस तासांच्या कारवाईनंतर रुएन नांवाचें चांच्यांनीं पळविलेलें जहाज सोडविलें, सतरा खलाशी सुखरूप काढले व पस्तीस चांचे पकडून मुंबईस आणले. त्या चाळीस तासांत त्या विनाशिकेवरील मुलांच्या घरीं नेहमीप्रमाणें गाईंच्या धारा निघाल्या असतील, नेहमीप्रमाणें जेवणें झालीं असतील. घरच्यांस कळलें तें सर्व देशास कळलें तेव्हांच.

घरच्या वाईट बातम्या मुलास कळवाव्या कीं न कळवाव्या, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. पूर्वीं तारेची सोय होती. ती सोय जुलै २०१३ मध्यें बंद झाली हें एका परीनें बरेंच झालें, कारण ‘‘आई अत्यवस्थ, ताबडतोब ये’’ अशी खोटी तार करून मुलास पेरणीसाठीं बोलावण्याची चाल आपल्याकडे इतकी बोकाळली होती कीं खरी तार आली तरी वरिष्ठ तिजकडे संशयानें पाहत. आज तार नसली तरी ती चाल गेलेली नाहीं. तारेच्या जागीं फोन आला आहे. अग्निवीरास वर्षांतून तीसच दिवस रजा असते व ती जहाजाच्या सोयीनें मिळते. मृगाच्या सरी व जहाजाची रजा यांची गांठ पडणें हा योगायोग. त्यावर पेरणीचा बेत बांधूं नये, गडी लावावा. पावसानें ओढ दिली, सोयाबीनला भाव नाहीं, बँकेची नोटीस आली, अशा ज्या गोष्टींवर समुद्रांत बसलेला मुलगा काडीचाही उपाय करूं शकत नाहीं, त्या निघण्याच्या आदल्या रात्रीं त्याच्या कानावर घालूं नयेत. परंतु मृत्यु व गंभीर आजार हे कधींही लपवूं नयेत. आजा गेल्याचें तीन महिन्यांनीं रजेवर आल्यावर दारांत पाऊल ठेवतांना ज्यास कळलें, असा एक मुलगा आमच्या माहितींतला आहे. त्यानें पुढें घरच्या कोणत्याच बातमीवर विश्वास ठेवला नाहीं. ‘‘सगळें ठीक आहे’’ असें आई म्हणाली कीं तो गांवांतील मित्रास फोन करून खात्री करून घेई. खरें संकट आलें तर मुलाच्या मोबाईलची वाट न पाहतां त्याच्या जहाजाच्या कार्यालयास अगर तळास कळवावें, व त्यासाठीं लागणारे पत्ते आणि क्रमांक मुलाकडून पहिल्याच रजेंत एका कागदावर लिहून घेऊन तो कागद देवघरांत चिकटवून ठेवावा. जिल्ह्याच्या ठिकाणीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतें. तें निवृत्त सैनिकांसाठींच असतें असा समज आहे तो चुकीचा. नोकरींत असलेल्यांच्या कुटुंबांचीं गाऱ्हाणींही तेथें घेतात.

आतां आमच्या स्वतःच्या विषयाकडे येतों. मुलगा जहाजावर असतो, पण त्याचें नांव गांवच्या दफ्तरीं असतें किंवा असावयास हवें असतें, आणि दफ्तर कोणाची वाट पाहत नाहीं. ज्या शेतकऱ्यांनीं वाटप करून मुलाच्या नांवें गट केला आहे, त्यांची अडचण तर हल्लीं नव्याच प्रकारची झाली आहे. शेतकरी ओळख क्रमांक काढावयाचा, पीकविमा भरावयाचा, कोठल्याही कामास हात घातला कीं आधारशीं जोडलेल्या मोबाईलवर सहा आंकडे येतात व ते आंकडे सांगितल्याशिवाय काम पुढें सरकत नाहीं. तो मोबाईल खलाशाच्या पेटींत बंद, खलाशी समुद्रांत, आणि बाप सेवाकेंद्राच्या बाकावर बसलेला. यास आमच्यापाशीं एकच उपाय आहे: जीं कामें एकदांच करावयाचीं तीं पहिल्या रजेंत, पाहुणचार होण्यापूर्वी, उरकून घ्यावीं. ई-पीक पाहणीचें तसें नाहीं. ती दर हंगामास करावी लागते, तेव्हां ती आपल्या मोबाईलवरून कशी करावयाची तें बापानें अगर घरांतील शाळकरी मुलानें शिकून घ्यावें.

कुलमुखत्यारपत्राविषयीं दोन शब्द. मुलाच्या वतीनें बापास किंवा भावास दस्त नोंदणीसाठीं सादर करावयाचा असेल तर नुसतें शिक्का मारून आणलेलें मुखत्यारपत्र चालत नाहीं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें तें दुय्यम निबंधकासमोर करून त्याच्याकडून प्रमाणित व्हावें लागतें. हेंही रजेंतलेंच काम. परंतु ‘‘सर्व अधिकार दिले आहेत’’ असें सरसकट पत्र मुलाकडून लिहून घेऊं नये. पीककर्ज, नोंदी, मोजणी यांपुरतें द्यावें. विक्रीचा अधिकार देऊं नये. बाप भला असतो. पण बापाच्या पश्चात् तो कागद कोणाच्या पेटींत सांपडेल तें सांगतां येत नाहीं.

आमच्या नोकरीच्या काळांत एका गांवीं घडलेली हकीकत सांगतों. नांवें देत नाहीं. बाप वारला तेव्हां थोरला मुलगा जहाजावर होता. कार्याला त्यास येतां आलें नाहीं. कायद्याप्रमाणें मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांची वर्दी द्यावयाची असते. धाकट्यानें ती दिली, तींत आईचें व आपलें नांव लिहिलें, थोरल्याचें लिहिलें नाहीं. आम्हीं पुढें त्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, ‘‘भाऊ इथें नाहीं, सहीला कोण येणार? आल्यावर घालूं म्हटलं.’’ त्यावेळीं त्याच्या मनांत कपट नव्हतें अशी आमची खात्री आहे. वारसनोंदवहींत चौकशी झाली, फेरफार धरला गेला, नोटीस चावडीवर लागली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, व मंडळ अधिकाऱ्यानें नोंद मंजूर केली. थोरला दोन तीन वेळां रजेवर येऊन गेला. सातबारा मागून पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं, कारण सख्ख्या भावाकडे उतारा मागणें हें आपल्याकडे अविश्वासाचें लक्षण मानतात. पुढें धाकट्याचें कर्ज वाढलें, गरजू माणसास सल्ला देणारे भेटतातच, आणि कागदावर दोघांचीच नांवें असल्यामुळें रस्त्याकडचा दीड एकर विकला गेला. मग थोरल्यास जाग आली. अपिलाची मुदत साठ दिवसांची. ती केव्हांच संपलेली. जहाजावर असल्याचा दाखला त्यानें आणला, विलंब माफ झाला, नोंद दुरुस्त होऊन त्याचें नांव लागलें. परंतु झालेली विक्री महसूल खात्यास रद्द करतां येत नाहीं. तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. आम्ही त्या तालुक्यांतून बदलून गेलों तोंवर दावा चालूच होता. त्यांची आई सहा महिने या घरीं व सहा महिने त्या घरीं राही, आणि एका घरचें बोलणें दुसऱ्या घरीं जाऊं नये म्हणून कोणाशींच फारसें बोलत नसे.

या प्रकरणांत नियम कोणीं मोडला म्हणाल तर वर्दींत एक नांव राहिलें एवढेंच. म्हणून आमचें सांगणें आहे कीं, वारसाची वर्दी देतांना गैरहजर मुलाचें व मुलीचें नांव प्रथम लिहावें, हजर असलेल्यांचें नंतर. नांव लागण्यास तो मनुष्य समक्ष उभा असावा लागत नाहीं. हल्लीं ई-हक्क प्रणालीवर हा अर्ज घरबसल्याही करतां येतो, आणि २०२५ सालीं सरकारनें जिवंत सातबारा ही मोहीम काढून मयतांचीं नांवें कमी करून वारस लावण्याचें काम गांवोगांव हातीं घेतलें होतें. त्या मोहिमेंत आपल्या घरची नोंद झाली असेल तर ती कोणाकोणाच्या नांवानें झाली, हें उतारा काढून वाचावें. उतारा संगणकावर कोणासही कोठूनही पाहतां येतो. जहाज बंदरांत असतांना मुलानेंही तो पाहत जावा, आणि बापानें त्याचा राग मानूं नये.

दावा लागलाच तर आणखी एक आधार आहे, जो फार थोड्या वकिलांच्याही ध्यानीं असतो. सैनिकांच्या दाव्यांविषयींचा १९२५ सालचा एक कायदा अद्याप जारी आहे. तो दिवाणी व महसुली दोन्हीं न्यायालयांस लागू आहे. नोकरीच्या परिस्थितीमुळें सैनिकास हजर राहण्यापुरती रजा मिळूं शकत नाहीं असें योग्य अधिकाऱ्याचें प्रमाणपत्र आलें तर न्यायालयास काम स्थगित ठेवावें लागतें, आणि आपल्या जिल्ह्यांतील असा मनुष्य एखाद्या प्रकरणांत पक्षकार असून त्याच्या वतीनें कोणी उभें नाहीं असें दिसल्यास खुद्द जिल्हाधिकाऱ्यास तें न्यायालयाच्या नजरेस आणतां येतें. हा अर्ज साध्या कागदावर करतां येतो. आम्हीं स्वतः असे अर्ज लिहून दिले आहेत.

मुलींचें निराळें लिहावयास हवें. गोव्याहून सप्टेंबर २०१७ मध्यें सहा स्त्री अधिकारी तारिणी या अवघ्या पंचावन्न फूट लांबीच्या शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या व २५४ दिवसांनीं, २१ मे २०१८ रोजीं, गोव्यासच परत आल्या. पुढें २०२४-२५ मध्यें दोघीच जणींनीं त्याच नौकेंतून ती प्रदक्षिणा पुरी केली. २०२३ मध्यें प्रेरणा देवस्थळी यांची त्रिंकत या युद्धनौकेवर अधिपति म्हणून नेमणूक झाली. आरमाराच्या युद्धनौकेवर हुकमत चालविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. त्यांचे बंधूही त्याच सुमारास दुसऱ्या एका युद्धनौकेचे अधिपति होते. या बातम्या आपल्याकडे कौतुकानें वाचल्या जातात. मुलगी चिल्क्याहून गणवेशांत परतली कीं गांव हलगी लावून मिरवणूक काढतें, सरपंच फेटा बांधतात, फलक लागतात. तें योग्यच आहे. परंतु अशाच एका फलकाखालून निघून तिसऱ्या दिवशीं बाप, भाऊ व ती मुलगी हक्कसोडपत्राची चौकशी करावयास कचेरींत आलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. ‘‘तिला काय कमी आहे? सरकारी नोकरी आहे. रजेवर आलीच आहे तर उरकून टाकूं,’’ असें भावाचें म्हणणें. मुलगी खिडकीबाहेर पाहत होती.

यावर आम्हीं जें तेव्हां सांगितलें तेंच येथें लिहितों. महाराष्ट्रानें १९९४ मध्यें व साऱ्या देशानें ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस जन्मानें मुलाइतकाच हक्क दिला आहे, व ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निःसंदिग्ध केला आहे. तिची नोकरी अग्निवीराची असेल तर चार वर्षांची आहे. चारांतील तिघी परत येणार. परत येईल तेव्हां तिचें लग्न झालेलें नसेल, निवृत्तिवेतन नसेल, आणि तीस दिवसांच्या रजेंत केलेल्या एका सहीनें जमीनही गेलेली असेल, तर तिनें उभें कोठें राहावयाचें? मुलास आपण ‘‘कांहीं झालें तरी जमीन आहे’’ असें सांगून निरोप देतों. समुद्रावर जाणाऱ्या मनुष्यास हें वाक्य किती उपयोगीं पडतें तें जाणारासच ठाऊक. मुलीस तें सांगतां येत नसेल तर फेटा बांधण्यास अर्थ नाहीं, असें आम्हीं त्या भावास स्पष्ट म्हटलें. तो रागावला. बाप मात्र कागद घेऊन परत गेला. पुढें काय झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. मात्र निवृत्त होण्यापूर्वी एकदां सहज त्या गटाचा उतारा पाहिला, त्यावर तिघां भावंडांचीं नांवें होतीं.

संकटाचा विषय टाळून चालणार नाहीं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवजवळ खुक्री ही नौका पाणतीरानें बुडाली व १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. ती लढाई होती. परंतु १४ ऑगस्ट २०१३ रोजीं सिंधुरक्षक ही पाणबुडी मुंबईच्या गोदींत, किनाऱ्यास बांधलेली असतांना, स्फोट होऊन बुडाली व आंतील अठरा जण दगावले. हातीं आलेल्या देहांची ओळख पटविण्यासाठीं आप्तांच्या रक्ताशीं पडताळणी करावी लागली. अग्निवीरास ४८ लाखांचा विमा सरकारतर्फे असतो व त्यासाठीं त्याच्या पगारांतून कपात होत नाहीं. मुलानें नोकरीच्या कागदांत, विम्यांत व बँकेंत नामनिर्देशन कोणाचें केलें आहे, हें आईबापांस ठाऊक असावें. पुढें कायम नोकरींत लग्न झाल्यावर तें बदलावयाचें असतें, व बदलल्यास सासूनें वाईट वाटून घेऊं नये. ज्याचें नांव लावलें त्यास पैसा घेण्याचा अधिकार मिळतो. तो सर्व त्याच्या मालकीचाच झाला असें सामान्यतः नसतें, वारसांचे हक्क निराळे. या एका गैरसमजावरून सासू-सुनांचे जे अर्ज आमच्याकडे आले, त्यांचा गठ्ठा जाड होता.

शेवटीं पत्रांविषयीं. फोनच्या दिवसांत पत्र कोण लिहितो असें तरुण मंडळी म्हणतात. परंतु जहाजावर पत्र पुन्हां पुन्हां वाचतां येतें, फोन पुन्हां ऐकतां येत नाहीं. खाण्यापिण्याचे हाल हा खलाशाच्या मनांतील नाजूक विषय आहे; फेब्रुवारी १९४६ मध्यें मुंबईच्या तलवार तळावर खलाशांनीं जो संप पुकारला त्याचें एक निमित्त निकृष्ट अन्न हेंच होतें, आणि त्या दिवसांत मुंबईच्या सामान्य लोकांनीं गेटवेपाशीं त्यांच्यासाठीं खाण्याचे डबे नेऊन दिले होते. आज अन्नाची तशी तक्रार नाहीं, तरी घरची चव ती घरची. मात्र पार्सल तळावर पोहोंचेपर्यंत जहाज निघून गेलेलें असूं शकतें व तें दोन महिने पडून राहूं शकतें. म्हणून तुपाचे लाडू व ओलें खोबरें घातलेले जिन्नस पाठवूं नयेत. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कडक भाजलेल्या दशम्या, गुळाची ढेप फोडून केलेले खडे हे टिकतात. पत्त्यावर मुलाचें पूर्ण नांव, हुद्दा, सेवा क्रमांक व जहाजाचें नांव लिहून त्याखालीं, जहाज पश्चिम किनाऱ्याचें असल्यास, ‘‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’’ असें लिहावें. जहाज जेथें असेल तेथील बंदराचें नांव, ठाऊक असलें तरी, लिहूं नये.